मेणवलीचा वाडा आणि वसईची घंटा

नालासोपाऱ्याहून वाईला जाणाऱ्याने कृष्णाकाठच्या मेणवलीस अवश्य थांबावे; तेथे त्याला आपल्याच तालुक्याची वस्तू भेटेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. त्यांपैकी एक मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मातेची आकृती आहे.

घाटाजवळचा वाडा नाना फडणविसांचा. चौकामागून चौक, लाकडी खांब, भिंतींवर चित्रे. इतिहाससंशोधकांना अमूल्य ठरलेले मेणवली दफ्तरही येथलेच. नाना १८०० साली वारले. वाडा पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाईंकडे आला. आजही तो घराण्याकडेच आहे, आणि बहुधा म्हणूनच उभा आहे.

अशा वाड्याची दुरुस्ती मात्र अवघड. चुन्याची भिंत आपली ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की पाणी आत कोंडते, चित्रांचे पोपडे सुटतात, भिंतीतील तुळयांची टोके कुजतात. चुना आठवडेच्या आठवडे मुरवावा लागतो, तो जाणणारा गवंडी शोधावा लागतो. वसई किल्ल्यातील पडक्या चर्चांमागे निदान पुरातत्त्व खाते आहे. खासगी वाड्याच्या कौलांखाली गळणारे पाणी घरधन्यालाच पुसावे लागते.