कुऱ्हाडबंदी गावाने केली, आपण घरात कधी करणार?



आज थोडे कडू लिहिणार आहे. आपल्या घरात बटाटा येत नाही, सूर्यास्तानंतर ताटे मांडली जात नाहीत, पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नाही. पण मुलाचे लग्न ठरले की सासऱ्यांच्या वेळचा धडधाकट सागवानी पलंग भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो आणि त्या जागी भुशाच्या बोर्डाचा चकचकीत बेडरूम सेट येतो. दहा वर्षांनी तोही जातो, मग तिसरा येतो. या हिंसेचा हिशोब आपण कोणत्या वहीत लिहितो? माझे म्हणणे, कोणत्याच नाही.

वही मात्र आहे. पाचव्या अणुव्रतात नऊ प्रकारचा परिग्रह मोजायला सांगितला आहे. शेत, घर, चांदी, सोने, धन, धान्य, दोन पायांचे, चार पायांचे, आणि नववा कुविय, म्हणजे घरवखरी. सातव्या व्रताच्या सव्वीस बोलांत 'सयणविहि' आहे, म्हणजे पलंग-बिछान्याची मर्यादा. प्रतिक्रमणात हे शब्द आपल्या तोंडून सरसर जातात. सोन्याची मर्यादा आपण तोळ्यात सांगतो, जमिनीची एकरात. कुवियची विचारा, सगळ्या गप्प.

काहीजणी म्हणतात, पंधरा कर्मादानात वनकर्म आहे, जंगलतोडीचा धंदा आपली माणसे करत नाहीत, झाले की! पण पहिल्या आणि आठव्या व्रताचे पच्चक्खाण दोन करणांचे आहे. करणार नाही आणि करवणार नाही. ऑर्डर देणे म्हणजे करवणेच. आणि आठवे व्रत तर अनर्थदंडाचे, म्हणजे गरज नसताना केलेल्या हिंसेचे. चांगला पलंग टाकून दुसरा आणणे याला वेगळे नाव आहे का?

आपल्या जिल्ह्याने यात जगाला धडा दिला आहे. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी, नगर तालुक्यात हिवरे बाजार. दोन्ही गावांनी ठरवून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. ज्यांच्या चुलीला सरपण लागत होते त्यांनी उभे झाड तोडायचे नाही असे ठरवले. म्हणून उजाड डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. शेतकऱ्याच्या बाईने सरपणावर मर्यादा घातली, आणि आपण, जिच्या घरी गॅस आहे, दिवाणखान्याच्या रंगाला शोभत नाही म्हणून कपाट बदलतो. अपरिग्रहावर व्याख्यान कोणी कोणाला द्यायचे?

आता माल काय असतो ते पाहू. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे डिंकाने चिकटवून दाबलेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक. हा डिंक बहुधा फॉर्मल्डिहाइडचा. नवे कपाट उघडले की डोळे चुरचुरतात तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणारा ठरवले. अशा बोर्डाला ओल लागली की तो फुगतो, स्क्रू धरत नाही, रंधा मारता येत नाही. पूर्वी मोडक्या लाकडाचा तुकडा निदान पाण्याच्या बंबात जायचा. हा बोर्ड बंबातही घालू नये, धूर विषारी. म्हणजे तो कचरा होण्यासाठीच जन्माला आलेला. फुगलेल्या फटीत झुरळे होतात, मग आपण फवारणीवाल्याला फोन करतो. जमिनीखालचा जीव वाचवायला कांदा सोडायचा आणि कपाटामागच्या जिवांवर विष मारायचे!

यावर नेहमीची उत्तरे मला पाठ आहेत.

"प्लायवूडला जंगल तुटत नाही, लावलेली झाडे वापरतात." बरेचसे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला, आणि पुढे या धंद्याचा मोठा भाग शेतातल्या पॉपलर आणि नीलगिरीवर गेला. हरियाणातले यमुनानगर त्यावरच उभे आहे. पण शेतातले झाड एकेंद्रिय जीव नाही का? आणि एका पलंगाच्या आयुष्यात तीन सेट बदलले तर कुऱ्हाड तीनदा पडली.

"मग नवे सागवान घ्यायचे का?" मुळीच नाही. साग पक्व व्हायला पन्नास-साठ वर्षे लागतात. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तर आता आपल्या वखारीत आफ्रिकेतले आणि अमेरिका खंडातले साग येते. माझे भांडण जुने टाकण्याशी आहे. जे झाड एकदा तुटले त्याचे लाकूड शंभर वर्षे वापरणे हीच त्या जिवाची राखलेली किंमत. जुन्या सागाच्या गाभ्यात तेल असते, वाळवी सहसा लागत नाही. वाडा पाडताना निघालेल्या तुळया आणि दारे आपण मातीमोल विकतो. तेच लाकूड मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात 'अँटिक' होऊन बसते.

"फ्लॅटमध्ये मावत नाही." सुतार कशाला आहे? मोठ्या पलंगाचे दोन दिवाण होतात, दाराचे टेबल होते. सुनेला नवी घडण हवी तर जुन्या लाकडातून तिच्या आवडीची करून द्या. पॉलिशला मात्र चपडा नको, तो लाखेच्या किड्यापासून होतो आणि लाखेचा व्यापारही कर्मादानातच आहे. जवसाचे तेल चोळा.

मी कॉमर्सची, म्हणून घसाऱ्याचेही सांगते. आयकरात फर्निचरला दरवर्षी १० टक्के घसारा मिळतो, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात त्याचे आयुष्य १० वर्षे धरले आहे. समजा नवा सेट ६०,००० चा आणि दहा वर्षांचा, तर वर्षाला ६,००० पडले. जुना पलंग १५,००० देऊन दुरुस्त केला आणि तो तीस वर्षे चालला, तर वर्षाला ५००. शिवाय ते १५,००० बहुतेक सुताराच्या हातात जातात, डिंकाच्या कारखान्यात नाही. तसेच कापसाच्या गादीचे. पिंजाऱ्याने पिंजली की ती पुन्हा नवी. फोमची पिंजता येत नाही.

आपल्या आजेसासऱ्यांच्या पेढीवर काय होते? गादी, तक्क्या आणि उतरत्या झाकणाची पेटी. त्यावर लाखोंचे व्यवहार झाले, पत कुठे कमी पडली नाही.

आणि महासतीजींचे पाहा. चातुर्मासात पाट लागला तर तो पाडिहारी म्हणून घेतात. वापरतात, सांभाळतात, जाताना परत करतात. वस्तू वापरावी पण आपली मानू नये, हे आपण बाराव्या व्रतात बोलतो. आणि त्याच स्थानकांच्या जीर्णोद्धारात जुने पाट अडगळीत टाकून सनमायकाच्या खुर्च्या येतात, तेव्हा आपल्या महिला मंडळातली एकही बोलत नाही. बोलायला हवे.

या पर्युषणात तीन पच्चक्खाण घ्या. कुवियचा आकडा कागदावर लिहा: पलंग किती, कपाटे किती, खुर्च्या किती. एक नवी आली तर जुनी कोणाच्या तरी वापरात गेलीच पाहिजे, भंगारात नाही. मुलीच्या लग्नात फर्निचर देऊ नका, मुलाच्या लग्नात मागू नका, 'तुमच्या खुशीने' असेही म्हणू नका. ज्या घरात आठ उपवासांचे पारणे होते, त्या घराला एक सोफा सोडणे जड जायला नको.