केन्ना आयलो? केन्ना वतलो?

गोव्यात परदेशाहून आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "केन्ना आयलो?" आणि त्याचे उत्तर पुरे व्हायच्या आत दुसरा, "केन्ना वतलो?" देवळात, तिंट्यावर, कदंबच्या बसमध्ये, कुठेही हेच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण जो कायमचा परत आलेला असतो, त्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसते. "आता जाणार नाही" असे तो म्हणाला की समोरच्याचा चेहरा बदलतो. नोकरी गेली की काय? काही भानगड तर नाही ना?

पोटासाठी गाव सोडणे आपल्याला नवे नाही. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावांचे कुड होते, १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन स्थापन झाली. पुढे कोणी आफ्रिकेत गेले, कोणी बोटीवर. पण मुंबईत राहणारा गोमंतकीय चवथीला घरी यायचा, जमले तर जत्रेलाही. त्याचे गावातले पान कधी उचलले गेले नाही. आखाताने हे बदलले. तिथली रजा कंपनी देईल तेव्हा, बहुधा वर्षा-दोन वर्षांतून एकदा. मधल्या काळात घर त्याच्याशिवाय चालायला शिकते.

मी स्वतः बी. ए. झाल्यावर २००३ ते २००६ अशी तीन वर्षे दुबईत होतो, एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये. एका खोलीत आम्ही सहा जण, दोन मजली खाटा. दोघे मलबारी, एक पेशावरचा, एक आंध्रातला आणि दोघे गोव्याचे. स्वयंपाकाच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी कपडे धुवायचे, देयराच्या मासळी बाजारात जाऊन इस्वणाचा भाव विचारायचा आणि बांगडे घेऊन यायचे, संध्याकाळी फोनचे कार्ड खरवडून घरी बोलायचे. कार्डातली मिनिटे संपत आली की बाई बोलायची, तेवढ्यात आई "जेवलास?" एवढेच विचारायची. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर सोलां आणि उकडे तांदूळ यायचे, आपण जाताना टँग, निडो आणि टायगर बाम न्यायचा. दिरहमला तेव्हा सुमारे बारा रुपये मिळत. तो हिशेब मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

परत आल्यावर पहिले पंधरा दिवस पाहुणचार होतो. नंतर खरी परीक्षा. तीन वर्षे स्वतः भात शिजवून, लादी पुसून राहिलेल्या मुलाला आई साधे ताट उचलू देत नाही. घरातले निर्णय भावाने घेतलेले असतात, त्यात आता बोलले तर आगाऊपणा. मित्रांची लग्ने झालेली. दर महिन्याला येणारे पैसे थांबलेले असतात. तो विषय कोणी काढत नाही, पण घरात तो असतोच. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत १५ वर्षांच्या रहिवासाची अट वाचली की मधली वर्षे कुठे मांडायची, हा प्रश्न अर्जदाराला आधी पडतो. काउंटरच्या या बाजूला बसून असे चेहरे मी पुष्कळ पाहतो.

गोव्याने दोन वेळा आपली मुले एकदम परत येताना पाहिली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा कित्येक कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी आली. २०२० साली करोनात बोटी थांबल्या आणि आपले तारवटी अडकून पडले, मग विमानाने दाबोळीला उतरले. दोन्ही वेळा आपण हळहळलो आणि दोन्ही वेळा ते पुन्हा कधी जातील याची वाट पाहिली. इतकी कसबी माणसे गावात आली आहेत, त्यांना इथे काय करता येईल, ही चर्चा फारशी ऐकू आली नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला जाणाऱ्यांचे आणखी वेगळे. त्यांचे भारतीय नागरिकत्व जाते. उद्या ओसीआय कार्डावर घरी परतता येईल, पण मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जाताना परतीच्या वाटेचा हा हिशेब किती जण मांडतात?

माझे म्हणणे एवढेच की आपण परतणाऱ्याची बॅग उघडतो, त्याला काय येते ते विचारत नाही. त्याला वेळेवर काम करणे येते, मोठे स्वयंपाकघर किंवा स्टोअर चालवणे येते, चार भाषांतल्या माणसांबरोबर एका खोलीत राहणे येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, परका म्हणून जगणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते. आज आपल्या वाड्यावर ओडिशा-झारखंडची मुले एकेका खोलीत सहा-सात जण भाड्याने राहतात आणि आपण त्यांना "भायले" म्हणतो. आपला मुलगा तिकडे अगदी असाच राहिला होता. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी आहे. मे महिन्यात भर दुपारी आपल्या घराचा स्लॅब घालणाऱ्या कामगाराला सावलीत बसवावे, पाणी द्यावे, हे परतलेल्याला सांगावे लागत नाही. पण त्याचे ऐकतो कोण?

सरकारने काय करावे ते सरकार पाहील. आपल्या हातातले सोपे आहे. येत्या चवथीला कोणी परतलेला भेटला तर "केन्ना वतलो?" तेवढे गाळा. "तिकडे काय काम करायचास?" असे विचारा आणि बसून ऐका. सोसायटीला, पंचायतीला, देवस्थानच्या समितीला कामाची माणसे हवीच असतात. त्याला एखादे काम द्या. गावाला आपली गरज आहे हे कळले की माणूस परदेशातून खरा घरी येतो.