रिकामे घर आणि आडनावाचा प्रश्न

कोल्हापूर हे राजर्षी शाहू छत्रपतींचे नगर. १९०२ साली दरबारच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम येथूनच अमलात आला. येथेच गंगाराम कांबळे यांच्या दुकानातला चहा स्वतः छत्रपती सर्वांदेखत प्यायले. येथल्याच बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेबांच्या हयातीत, त्यांचा पुतळा उभा राहिला. अशा नगरात, अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या जुन्या पेठांतील एखाद्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने मागावयास गेलेल्या बौद्ध गृहस्थास पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? पगार किती, माणसे किती, अनामत केव्हा देणार, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?"

आडनाव ऐकताच सकाळपर्यंत रिकामे असलेले घर एकाएकी पुतण्यासाठी राखून ठेवलेले निघते. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर गाव कोणते, देव कोणता, अशी चौकशी होते. तेवढ्यानेही भागले नाही, तर "आम्हांला शाकाहारी माणसे हवीत" हे अस्त्र बाहेर येते. ज्या शहराची कीर्ती तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने देशभर पसरविली, तेथे मटणाच्या वासाची एवढी किळस नेमकी आमच्याच चुलीपाशी कशी उत्पन्न होते, याचा खुलासा या घरमालकांनी अवश्य करावा! विटाळ हा शब्द जिभेवरून गेला. मनातून तो गेलेला नाही.

"घर आमच्या मालकीचे, भाडेकरू आमच्या पसंतीचा," असे मालक म्हणतात. भाडे वेळेवर मिळेल काय, घर नीट राखले जाईल काय, हे पाहण्याचा त्यांचा हक्क कोण नाकारतो? परंतु मालकी हक्क म्हणजे अस्पृश्यता पाळण्याचा परवाना नव्हे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ याचे चौथे कलम स्पष्ट सांगते की, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. त्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

अशा वेळी आपल्यातील काही बांधव सोपी वाट धरतात. आडनाव बदलतात, दलालाला भलतीच जात सांगतात, तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर पेटीत ठेवतात. त्यांच्या अडचणीची आम्हांस जाणीव आहे. उघड्यावर मुलेबाळे घेऊन राहता येत नाही. पण या वाटेचा शेवट कोठे होतो, हे बाबासाहेबांच्याच जीवनात दिसते. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्या विद्वानास शहरात कोणी थारा देईना. नाइलाजाने पारशी नाव सांगून ते पारशांच्या एका उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यांनी कामाठी बागेत बसून गाडीची वाट पाहिली. खोट्या नावाने त्यांनाही अकराच दिवस मिळाले! तेव्हा त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता. आज तो आपल्या पाठीशी आहे आणि तरीही आपण नाव लपवितो.

"मालकाने जातीवरूनच नाकारले, हे सिद्ध कसे करणार?" ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. या कायद्याखालील गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा. तिने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान दिले आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, घर पाहावयास एकट्याने जाऊ नका. साक्षीस एक माणूस बरोबर न्या. मालक काय बोलला, ते तारीखवार लिहून ठेवा. हा गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि तिची प्रत मागून घ्या. घर मिळाल्यास करार नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला करार हाती असलेल्या भाडेकरूस उद्या आडनाव कळले म्हणून रस्त्यावर काढणे सोपे नाही.

आणि शाहूंच्या नावाने जयंत्या साजऱ्या करणाऱ्या घरमालकांस आमचे एवढेच विचारणे आहे: जे छत्रपती गंगारामाच्या हातचा चहा प्यायले, त्यांच्या तसबिरीखाली बसून तुम्ही भाडेकरूची जात कोणत्या तोंडाने विचारता?