मुलांच्या पथकाला पातेली घासू द्या



शाळांमधली मुलांची वेगळी स्काऊट पथके बंद करावीत आणि मुले-मुली मिळून एकच सेवापथक करावे, अशी मागणी करणारे पत्र आपल्या वृत्तपत्रात नुकतेच वाचले. पत्रलेखिकेचा राग रास्त आहे. मी बरीच वर्षे एका माध्यमिक शाळेत स्काऊट पथक चालवले. स्नेहसंमेलनाच्या दिवशी कामे कशी वाटली जातात, ते त्यांनी लिहिले आहे अगदी तसेच मीही अनेक शाळांत पाहिले आहे. मुलगे फाटकावर, रांगा लावायला, पाहुण्यांना सलामी द्यायला. मुली रांगोळीला, औक्षणाच्या तबकापाशी, चहाचे ट्रे फिरवायला. गळ्यात दोघांच्याही स्कार्फ, वचन दोघांनीही सेवेचेच दिलेले. कार्यक्रम संपल्यावर मैदानातल्या पत्रावळी मात्र शिपाईमामांनी उचलायच्या.

हे बदललेच पाहिजे. पण मुलांचे पथक मोडल्याने ते बदलणार नाही, उलट बदलण्याची एक चांगली जागा हातची जाईल, असे माझे ठाम मत आहे.

एकत्र शिबिरे मी पाहिली आहेत. स्वयंपाकाची वेळ झाली की मुलगे सरपण आणायला म्हणून निघतात आणि जेवणाची शिट्टी होईपर्यंत सरपणच आणत राहतात. मुलींना कोणी सांगत नाही, पण विळी त्यांच्याच हाती जाते, कारण घरी ती त्यांच्याच हाती दिलेली असते. एकत्र बसवल्याने समता येते हे गृहीतच चुकीचे आहे. घरातली वाटणी मुले तंबूतही सोबत घेऊन येतात.

फक्त मुलांच्या शिबिरात ही पळवाट उरत नाही. काम ढकलायला तिथे कोणी बहीण नसते, आई नसते. आठ जणांच्या संघाला आपला भात आपणच शिजवावा लागतो, आणि करपला तर करपलेला खावा लागतो. चौदा वर्षांच्या ज्या मुलाने घरी कधी स्वतःचे ताट उचललेले नाही, तो तिसऱ्या दिवशी राखेने पातेले घासताना दिसतो. रात्री कोणाला ताप आला तर कपाळावर ओली पट्टी दुसरा मुलगाच ठेवतो. मायेने कोणाची काळजी घ्यायला मुलगे सर्वांत लवकर शिकतात ते अशा ठिकाणी, असा माझा अनुभव आहे. शिबिरातल्या या स्वयंपाकाला पालक हसतात. मला तो स्काऊटिंगमधला फार मोलाचा धडा वाटतो.

पत्रलेखिकेने अमेरिकेचा दाखला दिला आहे. तोही नीट पाहू. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये किवानिस या मोठ्यांच्या सेवासंस्थेतल्या मंडळींच्या पाठबळाने ‘की क्लब’ निघाला. तो मुलांचाच होता आणि मुलींना दार उघडायला सत्तरचे दशक उजाडले. तिथे मुलींना बाहेर ठेवणे हा उघड अन्याय होता. त्या क्लबात शिरले की गावातले व्यापारी, वकील, डॉक्टर ओळखीचे होत. म्हणजे सेवेच्या नावाखाली पुढच्या आयुष्याचे ओळखपत्रच मुलग्यांच्या हाती पडत होते. मोठ्यांच्या रोटरीतही हाच वाद झाला आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना सभासद करून घेणाऱ्या दुआर्ते क्लबच्या बाजूने निकाल दिला. योग्यच झाले. आपल्याकडची मांडणी मात्र वेगळी आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५० मध्ये उभी राहिली, १९५१ मध्ये मुलींची गाईड संघटना तिच्यात आली, आणि प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतच्या पायऱ्या दोघांनाही खुल्या आहेत. वेगळ्या पथकामुळे मुलींचा हक्क बुडत नाही. तो बुडतो मुख्याध्यापकांच्या खोलीत, कामाची यादी करताना. ती यादी बदला.

आपल्या पूर्वसुरींनी मुलांना सेवा म्हणून काय करायला लावले होते, तेही आठवावे. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात भारत सेवक समाजाने स्वयंसेवक नेले होते. पुढे सेवा समिती स्काऊट संघटनेच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता, ते हृदयनाथ कुंझरू त्यांचे प्रमुख होते, आणि समाजाचे डॉ. देव सोबत होते. तिथे खणलेल्या शौचखड्ड्यांवर माती टाकण्याचे काम गांधीजींनी फिनिक्स आश्रमाच्या मंडळींसाठी मागून घेतले. आपल्या देशातल्या सेवापथकांची परंपरा इतकी खाली वाकणारी आहे. तिच्या जागी आपण पाहुण्यांपुढची सलामी आणून बसवली, याचे मला मनापासून दुःख होते.

शाळेच्या सफाईचा विषय निघाला की पालक चिडतात, आणि त्यांच्या चिडण्याला कारण आहे. विशिष्ट जातीच्या मुलांनाच झाडू देणारे शिक्षक या देशात झाले आहेत, शिक्षा म्हणून स्वच्छतागृह धुवायला लावणारेही झाले आहेत. म्हणूनच हे काम गणवेशातल्या पथकाने, सर्व घरच्या मुलांनी, पाळीपाळीने, हातमोजे आणि फिनाईल घेऊन, शिक्षकांना बरोबर घेऊन करावे. संघनायकाची पाळी पहिली. नगरसेवकाच्या मुलाला त्यातून सूट मिळाली तर तो उपक्रम त्याच दिवशी बंद करावा.

मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या ‘खरी कमाई’ या पथकाच्या उपक्रमाचेही आज काय झाले आहे पाहा. आईने पहाटे उठून वडे तळायचे, मुलाने स्टॉलवर उभे राहून विकायचे, आणि कमाईची नोंद त्याच्या वहीत. यात त्याची कमाई कोणती? वडे त्याने शाळेच्या आवारात, शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतः तळावेत, नाहीतर स्टॉलच लावू नये. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून आठवीत पथकात नाव घालणाऱ्या पालकांनाही शाळेने हे पहिल्याच सभेत सांगून टाकावे.

शाळांना माझी विनंती एवढीच आहे. पथके दोन राहू द्या, पण या वर्षापासून कामांची अदलाबदल करा. पोषण आहाराची पंगत वाढणे आणि भांडी विसळणे स्काऊटकडे द्या, फाटक, रांगा आणि ध्वनिक्षेपक गाईडकडे. आणि २०२७ च्या नाशिक सिंहस्थासाठी पथकांची मागणी येईल, तेव्हा जिल्हा संस्थांनी मुलांसाठी केवळ गर्दीचे दोर धरण्याचे काम स्वीकारू नये. पाणी देणे, चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांना हात धरून मदत केंद्रापर्यंत नेणे आणि घाटावरचा कचरा उचलणे, ही कामे त्यांनी आत्ताच लेखी मागून घ्यावीत.

— एक निवृत्त स्काऊटमास्तर, सातारा जिल्हा