एस.टी. की रेल्वे? हिशेब उंबरठ्यापासून!

मैत्रिणींनो, माहेरी जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘तिकीट किती?’ पण प्रवास काही स्टेशनावर सुरू होत नाही. तो आपल्या उंबरठ्यापासून सुरू होतो नि माहेरच्या उंबरठ्याशी संपतो. हिशेबही तसाच मांडावा.

आपल्या संग्रामपूरला रेल्वे नाही. मुंबईसाठी विदर्भ एक्स्प्रेस किंवा पुण्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची तर शेगाव गाठावं लागतं. तिथवरचं भाडं, अपरात्रीची गाडी असली तर रिक्षाचे पैसे, हे सारं तिकिटात मिळवा. स्वस्त वाटलेली रेल्वे कधी कधी महाग पडते.

त्यातून १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त निम्मं तिकीट झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. मात्र या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. बऱ्हाणपूरचं माहेर असेल तर हद्दीपुढचे पैसे पूर्ण मोजावे लागतात.

अकोला-बुलडाण्यासाठी एस.टी. उत्तम. पण रात्रभराचा प्रवास, कडेवर लेकरू, सोबत गुडघे धरलेल्या सासूबाई असतील तर रेल्वेच बरी. आडवं होता येतं आणि मुख्य म्हणजे डब्यात संडास असतो. एस.टी.नं जायचं म्हटलं की आपण बायका काय करतो? सकाळपासून पाणीच पीत नाही! वऱ्हाडातल्या उन्हात याचा त्रास पुढे लघवीच्या आजारापर्यंत जातो. ही गैरसोय तिकिटावर छापलेली नसते, म्हणून घरात कुणी ती हिशेबात धरत नाही. आपणच ती बोलून दाखवायला हवी.

ठरवण्यापूर्वी एवढं पाहाच:

१. उतरताना किती वाजतील? एकटी असाल तर उजेडी पोचणारी गाडी निवडा. परतताना शेगावहून शेवटची एस.टी. कितीला, ते आधीच विचारून ठेवा.

२. गाडी किती ठिकाणी बदलायची? दोन बॅगा नि एक मूल घेऊन होणारी प्रत्येक चढउतार मोजा.

३. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. वय खरं लिहा. पंचेचाळिशी गाठलेल्या बाईला, शिल्लक असल्यास, खालचा बर्थ मिळतो.

४. रात्रीची खासगी बस असेल तर बसल्याबरोबर संकटकाळी बाहेर पडायचं दार पाहून घ्या. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर अशीच एक बस पेटून २५ जीव गेले.

तेव्हा पुढच्या वेळी घरात ‘तिकीट किती?’ असं कुणी विचारलं, तर तुम्ही आधी विचारा, ‘उतरायचं किती वाजता?’