पंचमीपुरता फेर का?

नागपंचमी तोंडावर आली की मराठवाड्यातल्या लेकींना माहेरचे वेध लागतात. ईटसारख्या भूम तालुक्यातल्या गावांतही हा सण बायकांचाच. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, दिंडे उकडतात, झाडांना झोके लागतात, वारूळ पुजून झाले की फेर धरला जातो. फेरात पोरी आणि नव्या सुना. पन्नाशीच्या बाया मात्र कडेला, गाणे सांगायला. गाणी त्यांनाच पाठ असतात. कुणी हात धरून ओढलेच तर उत्तर ठरलेले, "आता ह्या वयात काय नाचायचं बाई!" यंदाच्या पंचमीला बोलायला हवे ते या उत्तराबद्दल.

कारण शरीराला फेराची खरी गरज याच वयात असते. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात, पाळी थांबल्यावर चरबी पोटाभोवती साठते, हाडे विरळ होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण असल्याचे दिसले. भारतातल्या 57 टक्के प्रौढ स्त्रिया आणि 42 टक्के प्रौढ पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नसल्याचा अंदाज 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने छापला. शेतात राबलेल्या बाईला हे आकडे शहरातले वाटतील. पण सून आली, नळ दारात आला, गुडघ्यांनी रानाची वाट सोडवली, की तिची हालचाल एकाएकी थांबते. भाकरी तेवढीच राहते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा सराव आठवड्यातून तीन दिवस हवा, असेही सांगते. फेरात यातले बरेच आपोआप साधते. पाऊल पुढे, पाऊल मागे, वळण, टाळी. शेजारणीचा हात धरलेला असल्याने पडण्याची भीती कमी. एक बाजू गाते तेव्हा दुसरीला दम खाता येतो. फुगडी, झिम्मा, पिंगा हे त्यापुढचे टप्पे. ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनीच ते चढावेत. रक्तदाब आणि साखर आधी तपासून घ्यावी.

वजनाबाबत मात्र भाबडेपणा नको. साठ किलोच्या बाईने अर्धा तास फेर धरला तर दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. हा खव्याचा मुलूख आहे आणि कुंथलगिरीचा पेढा हाताशी आहे. दोन पेढे तोंडात टाकले की सगळा हिशेब फिटतो. काटा खाली आणायचा तर ताटही बदलावे लागते. पण काटा जागचा हलला नाही तरी दम वाढतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते, जिना चढताना धाप कमी लागते. हा लाभही थोडा नाही.

मग अडते कुठे? गुडघ्यांपेक्षा लोकलाजेत. आषाढीच्या वारीत सत्तरीची म्हातारी फुगडी घालते, पांढऱ्या मिशांचे वारकरी पावली खेळतात, आणि त्यांना कुणी हसत नाही. उलट पाया पडतात. म्हणजे म्हाताऱ्या माणसाने नाचणे आपल्या समाजाला खुपत नाही. देवासाठी नाचलेले चालते, स्वतःच्या तब्येतीसाठी नाचलेले तेवढे चालत नाही. दुसऱ्या कारणालाही पहिल्याइतकाच मान मिळायला हवा.

त्यासाठी ना जिम लागते, ना शहरातला झुंबाचा मास्तर. गाणी पाठ असलेल्या बाया गावात आहेत, बचत गटांच्या बैठका होतातच, देवळापुढे अंगण आहे. आशाताई तिशीवरच्यांची माहिती भरून तपासणीला पाठवतात. त्याच यादीतल्या बायांना संध्याकाळच्या फेराचे निमंत्रणही द्यावे. ग्रामपंचायतीने अंगणात दिवा लावून द्यावा. आणि त्या अर्ध्या तासात घरची चूल कुणी सांभाळायची, हे पुरुषांनी ठरवावे. बाईला नाचायला वेळ नसतो, त्याचे कारण बहुतेक वेळा ही चूलच असते. पंचमीला फेर धरालच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही धरा, आणि कडेला बसलेल्यांना आधी उठवा.