गाळणीवर भरंवसा किती ठेवावा?

ऊतिसंवर्धित केळीचें रोप जळगांवकडील बागाईतदारांस आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. पांच फुटांवर लागवड केल्यास एकरीं सुमारें १,७४० रोपें लागतात, आणि तीं सर्व पैसे मोजून घ्यावीं लागतात. असें असतां, रोप स्वस्त कोठें मिळेल एवढीच चौकशी करून आम्ही स्वस्थ बसतों, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

बाटलींतील कोंब ज्या साखरयुक्त खाद्यावर वाढतो, तें जंतूंसही तितकेंच मानवतें. म्हणून तें खाद्य दाबाच्या वाफेंत १२१ अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटें ठेवितात. जिबरेलिक अॅसिडासारखीं द्रव्यें मात्र उष्णतेनें बिघडतात, तीं ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यांतून गाळून मग कोमट खाद्यांत मिसळावीं लागतात. ज्या मेजावर कोंब कापतात तेथील हवाही गाळलेलीच हवी. तेथील उत्तम गाळणी ०.३ मायक्रॉनच्या दहा हजार कणांपैकीं ९,९९७ कण अडविते. पण ती वेळच्या वेळीं तपासली व बदलली तर! हा खर्च वांचविणाऱ्या प्रयोगशाळेचें रोप स्वस्त पडलें तर त्यांत आश्चर्य कसलें?

तथापि गाळणी म्हणजे सर्वस्व नव्हे. पाश्चर यांचे सहकारी शांबरलां यांनीं १८८४ सालीं चिनी मातीची गाळणी केली. तींतून जंतु पार होत नसत. परंतु १८९२ सालीं रशियांतील इव्हानोव्स्की यांनीं रोगट तंबाखूचा रस तशाच गाळणींतून गाळला, तरी त्या रसानें निरोगी झाडांस रोग झालाच. जंतूंहून सूक्ष्म असे विषाणु त्यांतून निसटले होते. केळीच्या पर्णगुच्छ रोगाचें मूळही विषाणूंतच आहे. मातृवृक्षाचा मुनवाच रोगट असेल, तर बाहेरची हवा कितीही गाळा, रोग बाटलींत आधींच शिरलेला असतो. मुनव्याच्या गाभ्यांत दडलेल्या जंतूंचीही तीच गोष्ट. ते प्रतिजैविकें घालून नुसते दाबून ठेवणें ही आमच्या मतें गिऱ्हाइकाची फसवणूकच होय. कारण बहुधा ते मरत नाहींत, कांहीं काळ दिसेनासे होतात इतकेंच.

ऊतिसंवर्धित रोपांकरितां केंद्रसरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ सालीं प्रमाणीकरणाची पद्धति सुरू केली. तींत रोपांची विषाणुपरीक्षा होते. तेव्हां आगाऊ रक्कम देण्यापूर्वीं मातृवृक्षांची परीक्षा झाली काय, हें आमच्या सभासद बंधूंनीं विचारावें, प्रमाणपत्र डोळ्यांनीं पाहावें, आणि पावतीवर त्या रोपांचा गटक्रमांक लिहून घ्यावा. विक्रेता टाळाटाळ करील, तर रोपें दुसरीकडे पाहावीं.